चष्मेवाल्याचं डिपॉझिट आणि बेसिनची चीर

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगं टेकतात, उरलेली दोन उधार.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? माझं उत्तम. चढवायला घरात कोणी उरलेलंच नाही.

वरच्या खोल्यांतला चष्मेवाला महिन्यापूर्वी जागा सोडून गेला. घर आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून विचारतो : त्याचं डिपॉझिट परत द्यावं की कापावं? नुकसान मी जातीने तपासलंय. भिंतीत अकरा खिळे. बेसिनला चीर. शिवाय न विचारता केलेल्या दुरुस्त्या! गळका नळ बंद केला (आता घरात माझ्याशिवाय कोणीच आवाज करत नाही) आणि फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. पूर्वी कोणी आलं की फाटक किंचाळायचं. आता कोणी येतच नाही, की येतं आणि मला कळत नाही, हे समजायला मार्ग नाही. याला नुकसान नाही तर काय म्हणायचं?

तो दर रविवारी दहाला पैसे मागायला यायचा. मी बेसिन दाखवायचो, तो म्हणायचा, "काका, ही चीर आधीचीच आहे हो." मी म्हणायचो, "पुरावा आण." मग चहा व्हायचा, तो माझ्या चष्म्याची काडी सरळ करून द्यायचा, आणि "ताईला विचारून सांगतो" म्हणून मी त्याला पुढच्या रविवारवर ढकलायचो. (काडी शनिवारी वाकवून ठेवावी लागते; घरमालकाला कष्ट चुकत नाहीत.) या रविवारी मात्र तो दारातूनच म्हणाला, "राहू द्या काका, ठेवा तुम्हालाच. मला नाही जमत खेपा घालायला." आणि गेला. माणसाने तत्त्वासाठी थोडं तरी भांडावं की नाही? हल्ली लोकांत चिकाटीच नाही. दोन्ही कप मीच प्यायलो.

लोभ आहेच, वाढवायचा म्हटलंस तर जागाही भरपूर आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. उत्तरात एवढंच लिही : 'अर्धं दे, अर्ध्याचं नंतर बघू.' त्याला दाखवता येईल.

आणखी ता. क. पत्र टाकायला निघालो तो आधी त्याच्या दुकानात जाऊन सगळे पैसे देऊन आलो. ती चीर तुझी. तो यायच्या आधी, सहा वर्षांपूर्वी, तू आली होतीस तेव्हा तुझ्या हातून तांब्या निसटला होता. तुझं डिपॉझिट घेऊन ठेवलं नाही, हीच माझी चूक. नुकसान बघायला तरी ये. फाटक वाजत नाही, हाक मार.