दोन शेजारणींचा धीर

देवळाली कॅम्प,
१२ फेब्रुवारी १९९७

प्रिय माय,

दीपमालेचा नमस्कार घे. तुला नात झाली. तीन आठवडे लवकर आली, पण आता दूध नीट पिते. नाक थेट तुझं.

दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा हे तोफांच्या सरावाला गेले होते. शेजारच्या सेल्वीला फक्त तमिळ येतं. माझा हात धरून ती म्हणत राहिली, "भयप्पडादे, नान इरुक्केन." समोरच्या मनजीतभाभी टांगा घेऊन आल्या आणि पंजाबीत म्हणाल्या, "घबरा ना, मैं हैगी आं." दवाखान्यापर्यंत दोघींचं तेच चाललं होतं. मला नीटसं कळलं नाही, तरी भीती कमी झाली.

पहिले चार दिवस बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तू धास्तावली असतीस, म्हणून लगेच कळवलं नाही. रागावू नको.

हे आल्यावर त्यांना अर्थ विचारला. पलटणीत राहून त्यांना थोडं थोडं सगळंच येतं. हसून म्हणाले, "दोघी एकच सांगत होत्या. घाबरू नको, मी आहे."

बापूंचा खोकला थांबला का? गाय व्यायली का?

काल पलीकडच्या क्वार्टरमध्ये आसामची नवी नवरी आली. दारात बसून रडत होती. तिला हिंदी येईना, मला आसामी येईना. मग बाळाला घेऊन तिच्याजवळ बसले आणि आपल्या अहिराणीत म्हटलं, "रडू नको, मी शे ना."

तिने डोळे पुसले आणि बाळासाठी हात पुढे केले.

तुझ्या नातीची आई,
दीपमाला