तारेचं वरचं टोक

वेस्ट मांबलम, चेन्नई
८ फेब्रुवारी २००७

प्रिय ऋजुता,

तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं. सावनीनं काढलेला हत्ती मी फ्रिजवर लावलाय. चारही पाय एकाच बाजूला आहेत, पण हत्ती आहे हे कळतं. मकरंदची पाठ कशी आहे? माझं ठीक. टी. नगरच्या बाजारात जाणं मात्र सोडलं. त्या गर्दीत आता उभं राहवत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दाराशी एक माणूस आला. पन्नाशीचा, एका पायानं अधू. मांबलम स्टेशनवर उतरून मराठी घरं विचारत विचारत आला होता. गॅलरीतून गाडी दिसते, एवढीच खूण त्याला माहीत होती. ती सिद्धार्थनं सांगितलेली. नाव सुब्बा. कारगिलला तो सिद्धार्थच्या तुकडीत हवालदार होता. आता चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी असतो. मी त्याला जेवायला बसवलं. आमटीचा पहिला घास घेऊन तो हसला. म्हणाला, अम्मा, तुमचा मुलगा खोटं बोलत नव्हता, तुम्ही सांबारात खरंच गूळ घालता.

मग त्यानं सांगितलं. आपल्याला तेव्हा एवढंच कळवलं होतं की सिद्धार्थ गोळी लागून गेला. तू तेवीस वर्षांची होतीस. पुढचं विचारण्याचं त्राण दोघींत नव्हतं. उतारावर धुक्यात सात जण अडकले होते, चार जखमी. खालून हाक मारावी तर आवाजाच्या दिशेनं गोळ्या यायच्या. सिद्धार्थच्या पाठीवर फोनच्या तारेचं रीळ असायचं. तारेचं एक टोक त्यानं खाली बांधलं आणि तार सोडत तो वर गेला. वर बांधायला काही नव्हतं, नुसते सुटे दगड. त्यानं ती मनगटाला गुंडाळली, पाय रोवून बसला आणि एकेकाला तार धरून खाली जायला सांगितलं. सुब्बा सातवा. तो म्हणाला, मी खाली पोचेपर्यंत तार ताठ होती. मग सैल झाली.

सुब्बा दीड वर्ष इस्पितळात होता. बरा झाल्यावर त्यानं जबाब दिला आणि सिद्धार्थला पदक मंजूर झालं. ही दोन हजार एकची गोष्ट. पदक घरी पोचलं असेल असंच तो समजत होता. डिसेंबरात स्वतःच्या पेन्शनसाठी सैन्याच्या कचेरीत गेला, तेव्हा कळलं की ते कपाटात पडून आहे. तीन वेळा रजिस्टर पत्रं गेली, तिन्ही परत आली, आणि फाईल बंद झाली. पाकिटांवर ‘येथे राहत नाही’ असं लिहिलेलं त्यानं स्वतः पाहिलं. कुणी लिहिलं असेल हो, अम्मा? असं त्यानं विचारलं. मी त्याला आणखी आमटी वाढली.

जाताना गॅलरीतली कपड्यांची तार त्यानं बोटानं दाबून पाहिली. ती सिद्धार्थनं बांधलेली, तुमच्या लग्नानंतरच्या रजेत.

ती पत्रं मी परत पाठवली, ऋजुता. पहिलं आलं तेव्हा तुझ्या दुसऱ्या लग्नाला तीन महिने झाले होते. पाकिटावर तुझं नाव, त्यापुढे सिद्धार्थचं आणि आमचं आडनाव. पोस्टमन सुंदर दारात उभा. हे पाकीट पुण्याला, मकरंदच्या घरी जाईल, तुझ्या नव्या सासूच्या हाती पडेल, असं मनात आलं. मी सुंदरला म्हटलं, त्या इथं राहत नाहीत. नवा पत्ता त्यानं विचारला. मी माहीत नाही म्हटलं. पुढच्या दोन्ही वेळी त्यानं विचारलंही नाही.

तुझ्या भल्यासाठी केलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले. ते अर्धं खरं आहे. तुझं लग्न मीच लावलं. मांडवात मीच तुला बजावलं की आता मला आई म्हणू नकोस, काकू म्हण. तू पत्रात काकूच लिहितेस. पण ते पाकीट मिळालं असतं तर तू आली असतीस. आणि आली असतीस तर मी तुला पुन्हा जाऊ दिलं नसतं. त्या वर्षी माझ्यात तेवढं बळ नव्हतं.

काल चौथं पाकीट आलं. सुब्बानं खटपट केली. नाव तुझंच आहे, कारण सैन्याकडे दिलेल्या वारसाच्या कागदावर सिद्धार्थनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. सुब्बा म्हणतो, मार्चच्या पहिल्या आठवड्यात इथंच कार्यक्रम आहे. पदक तू घ्यावंस. मकरंदला आण, सावनीला आण. यायचं नसेल तर कचेरीला तसं कळव, मी जाऊन घेईन. तुझ्या वतीनं मी तीन वेळा उत्तर दिलं, आता तू दे. सुंदरनं काल, काय लिहू, असं विचारलं. मी सही करून पाकीट घेतलं. ते सोबत ठेवलंय. फोडलेलं नाही.

तुझीच,
आई