परिच्छेद एकेचाळीस

३ मार्च, सोमवार
जिंकणार! आजच लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की निकाल लागल्यावर बाईंना शहाणपण सुचलं.

सुनावणीचा पहिला दिवस. मागच्या बाकावर पाठीला उशी लावून बसले होते. प्रश्न साधा. ग्रंथालयातून एखादा वाचक कोणती पुस्तकं नेतो, ती यादी तपास अधिकाऱ्यांनी नुसती तोंडी मागितली तर द्यायची का? आपल्या ग्रंथपालानं दिली नाही. "कोर्टाचा हुकूम आणा, लगेच देतो," म्हणाला. बडतर्फ! सव्वीस वर्षांची नोकरी एका कागदावर संपली. राज्यघटना माणसाच्या वाचनाला खासगीपण देते की नाही, हे ठरवायला आता पाच न्यायमूर्ती बसलेत. शहरात दोन तट — निम्म्यांना तो हिरो वाटतो, निम्म्यांना देशद्रोही. तो बिचारा दोन्ही नाही. याद्या नीट ठेवणारा माणूस आहे.

त्याची वकील म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, लवंगी. उंची पाच फुटांच्या आत, पण बोलायला लागली की समोरचा घाम पुसतो. तिनं बरोबर माझं आवडतं वाक्य काढलं. तेहेतीस वर्षांपूर्वीचा निकाल, परिच्छेद एकेचाळीस: ‘नागरिक काय वाचतो, हे विचारण्याचा अधिकार राज्याला नाही. जो धास्तीने वाचतो तो वाचत नाही, लपतो.’ मधल्या न्यायमूर्तींनी पेन उचललं. सरकारी वकील खोकला. उत्तर सापडत नसलं की खोकतो, माझ्या वर्गात होता तेव्हापासूनची सवय.

हे वाक्य एकोणीस वर्षं मी माझ्या रविवारच्या सदरात वापरतेय. तिथून ते पाठ्यपुस्तकांत गेलं. आता मूळ निकाल कोणी उघडतसुद्धा नाही, माझ्या नावावर चालतं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

५ मार्च, बुधवार
सदर लिहून झालं. यांना वाचून दाखवलं. चाळीस वर्षं दातांचा दवाखाना चालवलेला माणूस — म्हणाले, "सरकारी वकिलाला भूल तरी द्यायचीस!"

७ मार्च, शुक्रवार
गुडघा दुखतोय. बाकी सगळे मुद्दे आपल्या बाजूचे. पुढची सुनावणी मंगळवारी.

८ मार्च, शनिवार
दुपारी उपसंपादकाचा फोन. "मॅडम, त्या जुन्या निकालाच्या पानाचा फोटो पाठवा ना, सदराशेजारी छान दिसेल." यांनी स्टुलावर चढून माळ्यावरचा खंड काढून दिला. पान उघडलं. परिच्छेद एकेचाळीस. वाक्य आहे, शब्दन् शब्द आहे. पण मागच्या पानाच्या तळाशी, चाळिसाव्या परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ: ‘अर्जदाराच्या विद्वान वकिलांचे पुढील म्हणणे असे, की —’

कोर्टाचं वाक्यच नाही ते! हरलेल्या वकिलाचं आहे!

निकालात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवतात, मग कोर्ट स्वतःचं सांगतं. स्वतःचं ‘आमच्या मते’ म्हणून सुरू होतं. तीस वर्षं मी वर्गात हेच घोकून घेतलं — ‘आमच्या मते’ दिसेपर्यंत एक शब्द उचलायचा नाही! पोरांनी माझं नावच ‘आमच्यामते बाई’ पाडलं होतं. ते ‘आमच्या मते’ या निकालात आहे पंचावन्नाव्या परिच्छेदात, आणि तिथे बरोबर उलटं आहे. राज्याला विचारता येतं, म्हणे.

संध्याकाळी उपसंपादकाला म्हटलं, सदर थांबवा. "पान फोटोशिवायच छपाईला गेलं, मॅडम. निकालानंतर दुरुस्ती टाकू. आत्ता कोणाला कळतंय?"

मला कळलंय ना!

९ मार्च, रविवार
सदर छापून आलं. चहा होईपर्यंत कौतुकाचे चार फोन. प्रत्येकाला ‘हं’ म्हटलं.

मग त्या वेळची फाइल काढली, कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यातली. ती केस आमच्याच सीनियरांनी लढवली होती. शाळामास्तरांची केस, पोलिसांनी घरातली पुस्तकं उचलून नेली होती. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची ज्युनियर, टिपणं काढून द्यायचं काम. नवव्या पानावर निळ्या शाईत तेच वाक्य, माझ्या अक्षरात. ‘लपतो’ या शब्दाखाली सीनियरांनी लाल रेघ मारून लिहिलंय — "छान!"

म्हणजे मीच लिहिलं. त्यांनी कोर्टात वाचलं, आम्ही हरलो, मास्तर गावी निघून गेले. त्यांना स्टँडवर सोडायला मीच गेले होते. त्या दिवशी इतकी रडले होते की पुढे तो खंड कधी उघडलाच नाही. आणि मनानं परस्पर निकाल फिरवून टाकला! चौदा वर्षांनी सदर सुरू केलं तेव्हा वाक्य तोंडावर आलं ते कोर्टाचं म्हणूनच.

लाज वाटतेय. भयंकर लाज वाटतेय.

१० मार्च, सोमवार
लवंगी आणि ग्रंथपाल, दोघांना घरी बोलावलं. खंड आणि ती जुनी फाइल समोर ठेवली. लवंगीनं वाचलं आणि खुर्चीत बसली ती उठेचना.

"बाई, आता? उद्या सुनावणी आहे! माझा अर्धा युक्तिवाद यावर उभा आहे."

"माहीत आहे."

"त्या खोकणाऱ्या सरकारी वकिलानं तपासलेलं नाही. न्यायमूर्तींनीही नाही." मग हळूच, "गप्प बसू का?"

"तुझं तू ठरव. मी रविवारी छापणार. आणि गप्प बसलीस तर ‘माझी विद्यार्थिनी’ म्हणून सांगू नकोस कोणाला."

ग्रंथपालाकडे बघवत नव्हतं. नोकरी त्याची कायमची जाणार होती, माझं फक्त नाक कापलं जाणार होतं. तो मात्र खंडाचा सुटलेला कणा बोटानं चाचपत होता. म्हणाला, "मॅडम, पुस्तक चुकीच्या कपाटात लागलं तर काढून बरोबर कपाटात लावायचं. त्यात पुस्तकाचा काय दोष?" आणि विचारलं, "हे शिवायला नेऊ का? पानं सुटतील."

डोळे भरून आले माझे. यांनी पटकन चहाचं विचारलं.

११ मार्च, मंगळवार
सांगितलं पोरीनं! उभी राहिल्या राहिल्या. "मागच्या वेळी वाचलेलं वाक्य न्यायालयाचं नव्हतं. चूक माझी, मी ते मागे घेते. न्यायालयाचा निर्णय आमच्या विरुद्ध होता."

सरकारी वकील खोकायचंसुद्धा विसरला.

मधले न्यायमूर्ती म्हणाले, "तुमच्या विरुद्धचा निकाल तुम्हीच दाखवताय?"

"हो. आणि तो चुकीचा आहे, हेही दाखवते. तेव्हा तीन न्यायमूर्ती होते, आज पाच आहेत. आपल्याला तो बदलता येतो."

तासभर बोलली. कसलाही टेकू न घेता! मागच्या सोमवारच्या युक्तिवादापेक्षा हा सरस होता, मास्तरीण म्हणून सांगते. शेवटी न्यायमूर्तींनी विचारलं, "मग ते वाक्य आहे कोणाचं?"

"हरलेल्या बाजूचं." माझं नाव घेतलं नाही. मीच तशी ताकीद दिली होती.

निकाल राखून ठेवला.

१६ मार्च, रविवार
दुरुस्ती छापून आली. चार ओळींत उरकायची नाही म्हटलं, अख्खं सदर दिलं. मथळा — ‘मी चुकले’. दुपारपर्यंत एका माजी सहकाऱ्याचा फोन, आवाजात साखर: "वय झालं की व्हायचंच." म्हटलं, "चूक झाली तेव्हा मी त्रेचाळीसची होते. वयाला नावं ठेवू नका."

आणि चूक कबूल केली म्हणजे मत बदललं असं नाही. वाक्य कोणाचं हे चुकले. वाक्य बरोबरच आहे. चुकलं होतं ते कोर्ट!

२ एप्रिल, बुधवार
ग्रंथपाल खंड परत देऊन गेला. नवा कणा, पक्की शिवण. निकालाचं काही विचारलं नाही. दारात म्हणाला, "सकाळी उठल्यावर अजून किल्ल्या शोधतो, मॅडम. वाचनालयाच्या."

२४ एप्रिल, गुरुवार
तीन विरुद्ध दोन. ग्रंथपाल सोमवारी कामावर! लवंगी फोनवर नुसती हुंदके देत होती. "बाई, परिच्छेद अठ्ठ्याहत्तर वाचा."

आधी मागचं पान उलटून नीट पाहिलं. कोणत्याही वकिलाचं म्हणणं नाही. मग अठ्ठ्याहत्तर वाचला. ‘आमच्या मते,’ — आणि पुढे माझं वाक्य.