सम तारखेला उजवीकडे

११ मार्च

आज बोर्ड लागले. गल्लीच्या दोन्ही टोकांना, निळे. अजून रंगाचा वास येतोय. ‘वाहने उभी करणे – विषम तारखेस डावी बाजू, सम तारखेस उजवी बाजू. बदल सकाळी नऊच्या आत.’ शनिवारपासून लागू.

महामार्गाचं काम निघाल्यापासून सगळी रहदारी आमच्या गल्लीतून. गेल्या महिन्यात दुधाचा टँकर अडकला तो दोन तास. त्यात दोन्ही बाजूंचे दुकानदार हमरीतुमरीवर आलेले – गिऱ्हाइकांच्या गाड्या आमच्याच दारात का म्हणून. आता एक दिवस यांच्या दारात, एक दिवस त्यांच्या. सगळे खूश.

आमची गाडी आठ महिने दारातून हललेली नाही. इंजिन जाम आहे, ती हलणार कशी? मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिलं आणि हळूच परत लावलं होतं, डॉक्टर पेशंटच्या तोंडावर चादर ओढतात तसं.

घरी आले तर बाबा नेहमीसारखे गाडीत बसलेले. त्यांना काही सांगितलं नाही.

१२ मार्च

दुकानातून अर्धा तास सुट्टी घेऊन गावच्या कार्यालयात गेले. कारकुनाला म्हटलं, गाडी बंद आहे, वडील आजारी आहेत, आम्हाला यातून वगळा.

“बंद आहे तर पुलापलीकडच्या मैदानात लावा.”

“ते रोज तिच्यात बसतात. मैदानापर्यंत त्यांना चालवत नाही.”

“चालत नाही अशा गाडीत बसतात?” त्याने पेन खाली ठेवलं. मग जरा मऊ होऊन म्हणाला, “ताई, गाडीला चाकं आहेत ना? ढकला.”

कसं समजवायचं? चौतीस वर्षं बाबांनी ही गाडी भाड्याने चालवली. अर्धं गाव तिच्यातून दवाखान्यात गेलं, उरलेलं स्टेशनवर. जुलैत झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं तीन शब्दांवर आलं – हो, नको, थांब. सकाळी खाणं झालं की काठी टेकत दारापर्यंत येतात, दार उघडून बसतात आणि दुपारपर्यंत काचेतून गल्ली बघत राहतात. समोरचा बेकरीवाला लक्ष ठेवतो. म्हणून तर मी औषधांच्या दुकानात निर्धास्त उभी राहू शकते.

१३ मार्च

दादाचा फोन. बाहेरगावी बसून सल्ले द्यायला काय जातं! “भंगारात दे. दे त्यांना फोन, मी समजावतो.” स्पीकर लावून बाबांसमोर धरला. दहा मिनिटं दादा समजावत होता. बाबांनी सगळं ऐकलं.

“नको.”

१५ मार्च

विषम. डावीकडे. आम्ही डावीकडेच. एक दिवस मिळाला.

१६ मार्च, रविवार

पहिली ढकलाढकली. चौघे आले – बेकरीवाला, शेजारचे मास्तर, न्हावी, आणि न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी उठून आलेला कुणी पाहुणा. समोर न्यायची म्हणजे सरळ रेषेत जात नाही ना गाडी. आधी पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. स्टिअरिंगवर कोण? मी दार उघडायला गेले तर बाबा आधीच आत बसलेले. उतरा म्हटलं तर “नको.” मास्तर म्हणाले, “बसू दे गं. त्यांच्याशिवाय कुणाला जमणार?”

डाव्या हाताने वळवली त्यांनी. बेकरीच्या पायरीपासून वीतभर अंतर ठेवून लागली. मास्तरांनी वाकून बघितलं आणि मान हलवली.

कार्यालयाने एक माणूस नेमलाय. निवृत्त वायरमन, गळ्यात शिट्टी. गावाने नाव ठेवलंसुद्धा – शिट्टीमामा. नऊला दोन मिनिटं कमी असताना येऊन उभा. घड्याळ बघितलं आणि गेला.

१७ मार्च

परत डावीकडे. म्हणजे हे रोज! काल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रोज सकाळी चार माणसं गोळा करायची. रोज.

२० मार्च

बाबांनी आज इस्त्रीचा शर्ट मागितला. म्हणजे कपाटापाशी उभे राहून काठीने दाखवला. आठ वाजता दाढीही करून हवी होती. इकडे मी चार दारं ठोठावून दमलेय आणि यांना बंद गाडीत बसायला इस्त्री लागते. चिडचिड झाली. केली दाढी. हनुवटीला जरा कापलं.

२३ मार्च

तिघेच आले. चौथी मी. दिवसभर दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या वाकड्याच कापल्या गेल्या.

२५ मार्च

न्हावी म्हणाला सकाळी गिऱ्हाईक असतं. मास्तरांची कंबर धरली आहे. खरीच धरली असेल, पण त्यांच्या दारात उभं राहून मी त्यांच्या कमरेकडे बघतेय हे त्यांना कळलं आणि मलाही कळलं. दोघेही ओशाळलो. कुणाचं काही चुकत नाही. आपली गरज रोज सकाळी आठ वाजता दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची, तीही जन्मभर? माणसं किती दिवस ‘हो’ म्हणतील?

बेकरीवाला मात्र येतो. हाताला पीठ असतं, डिकीवर पंजे उमटतात.

२६ मार्च

ढकलताना बाबा आतून ओरडले – “रिव्हर्स!” त्या तीन शब्दांपलीकडचा पहिलाच शब्द. बेकरीवाला हसून हसून खाली बसला. “काका, मागनं ढकलणारी माणसं कुठून रिव्हर्स घेणार?” सगळे पुढच्या बाजूला गेले. घेतली रिव्हर्स.

मला हसू आलं नाही. दुकानात पोचले तेव्हा पावणेदहा वाजले होते आणि मालक दारात उभे.

३१ मार्च, सोमवार

विषम. उद्या एक तारीख – तीही विषम! म्हणजे उद्या हलवायची नाही. शिट्टीमामाने कार्यालयात दोनदा विचारून खात्री केली. “लागोपाठ दोन विषम. नियमात बसतंय,” म्हणाला, जणू मला लॉटरी लागली. लागलीच म्हणायची.

१ एप्रिल

सात वाजेपर्यंत झोपले. किती दिवसांनी!

बाबा मात्र दिवसभर कुरकुरत होते. जेवण अर्धं टाकलं. का ते कळलं नाही. सांगता येत नाही त्यांना, आणि मला विचारता येत नाही. असंच चाललंय आमचं.

४ एप्रिल

मालक आज स्पष्टच बोलले. “बाई, साडेनऊ म्हणजे साडेनऊ. लोक ताप घेऊन उभे असतात बाहेर.” बरोबर आहे त्यांचं. सगळ्यांचंच बरोबर आहे. शिट्टीमामाचं बरोबर, दुकानदारांचं बरोबर, दादाचंही बरोबर. मग मीच का चेंगरतेय?

रस्त्यावर ओरडावं असं वाटतं. पण ओरडायचं कुणाच्या नावाने? बोर्डाच्या?

८ एप्रिल

लिहवत नाही. पण लिहिते.

सम तारीख, उजवीकडे. मी, बेकरीवाला आणि त्याचे दोन कारागीर. बेकरीसमोरचा रस्ता नुकताच धुतलेला, ओला. तिथे जरा उतार आहे. गाडी मागे घेताना ती आपोआपच सुटली. बाबांचा एकच हात चालतो. तो स्टिअरिंगवर. हँडब्रेक ओढायचा तर स्टिअरिंग सोडायला हवं. त्यांनी सोडलं. ब्रेक ओढला, पण तोवर चाक वळलं होतं. बेकरीवाला मागे होता. चाक त्याच्या पावलावर चढलं आणि गाडी पायरीला धडकून थांबली.

तो ओरडलासुद्धा नाही. “ताई, पुढे घ्या. ताई, जरा पुढे घ्या,” एवढंच म्हणत राहिला, अगदी हळू. आम्ही तिघांनी जोर लावला. हलेना. न्हावी धावत आला, मास्तरही आले, कंबर बिंबर विसरून. मग हलली.

पावलाची दोन हाडं मोडली. सहा आठवडे प्लास्टर. त्याच्या बायकोने माझ्या हातातली त्याची चप्पल काढून घेतली.

बाबा तासभर गाडीतच होते. हँडब्रेकवरचा हात काढेनात. मी एकेक बोट सोडवलं.

९ एप्रिल

रस्त्याच्या कामावरची माणसं चालली होती, त्यांनी ढकलून आमच्या दारात आणून लावली. स्टिअरिंग त्यांच्यातल्याच एकाने धरलं. बाबा आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून.

१० एप्रिल

सम. गाडी डावीकडेच. कुणाला बोलवायला गेलेच नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? शिट्टीमामाने काचेवर नोटीस चिकटवली. पहिली. “तिसरीनंतर उचलून नेतात,” म्हणाला. जाता जाता वायपर नोटिशीवर नीट बसवला, उडू नये म्हणून.

१२ एप्रिल

दुसरी.

बाबा गाडीकडे फिरकत नाहीत. चौथा दिवस. दाढी नाही, शर्ट नाही. “बसायचं का बाहेर?” विचारलं की “नको.” रक्तदाब वाढलाय, डॉक्टर म्हणाले पडून राहू दे.

घाबरले असतील. मी तर घाबरलेच आहे. पुन्हा त्यांना स्टिअरिंगवर बसवायचं नाही, हे मात्र पक्कं केलंय. काय वाट्टेल ते होवो.

१४ एप्रिल

आज सुट्टी, म्हणून नोटीस नाही. शुक्रवारी आणलेला सवलतीचा फॉर्म भरायला घेतला. चार पानी. ‘अपंग व्यक्ती सदर वाहन स्वतः चालवते काय? होय असल्यास परवान्याची प्रत जोडावी. नाही असल्यास वाहनाची आवश्यकता नमूद करावी.’

होय म्हणावं तर परवाना संपलेला. नाही म्हणावं तर गरज काय? एवढीशी रेघ दिली आहे गरज लिहायला. तासभर पेन धरून बसले. शेवटी लिहिलं – ‘वडील त्यात बसतात.’

१५ एप्रिल

कारकून म्हणाला, “असं नाही चालत ताई, कारण लागतं.” मी म्हटलं हेच कारण आहे. तो म्हणाला हे वर्णन झालं.

१६ एप्रिल

तिसरी नोटीस. मंगळवारी, बावीस तारखेला गाडी उचलणार.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “बघ, आपोआपच सुटला प्रश्न.” मी फोन ठेवला. मग पुन्हा करून माफी मागितली. कशाची ते दोघांनाही माहीत नाही.

१८ एप्रिल

आज जे झालं ते स्वप्नातही आलं नसतं. पुन्हा कार्यालयात गेले होते. कारकुनासमोर बसून तेच तेच. इतक्यात जिन्यावर ठक ठक. बेकरीवाला! कुबड्या घेऊन वर चढत आलेला. घामाने निथळत.

“सवलत देऊन टाका यांना.”

कारकून म्हणाला, “तुमचा काय संबंध?”

“संबंध?” त्याने प्लास्टरचा पाय उचलून टेबलाच्या कडेवर ठेवला. “एक पाय दिलाय मी या नियमाला. दुसरा वाचवायला आलोय.”

सगळं कार्यालय हसलं. आतून गावप्रमुख बाहेर आले. त्याने त्यांना सगळं सांगितलं. उतार, ओला रस्ता, एक हात. मला एवढ्या दिवसांत जे चार वाक्यांत सांगता आलं नव्हतं, ते त्याने सांगितलं. गावप्रमुखांनी फॉर्म मागवून घेतला, माझं ‘वडील त्यात बसतात’ वाचलं आणि खाली सही केली. बस. इतकंच होतं.

जिना उतरताना मी त्याचा दंड धरला होता. म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू? तो म्हणाला, “काकांना सांगा, माझा राग नाही. त्या दिवशी त्यांनी ब्रेक ओढला नसता तर माझा गुडघाही गेला असता.”

घरी येऊन बाबांना सांगितलं. डोळे मिटून पडले होते. ऐकलं की नाही, कळलं नाही.

२१ एप्रिल

शिट्टीमामाने स्वतः येऊन गाडीभोवती पांढरे पट्टे मारले. पाठीमागच्या भिंतीवर पाटी – ‘सवलत’. बेकरीवाला कुबड्यांवर उभा राहून “जरा डावीकडे, जरा डावीकडे” करत होता. मग आत येऊन बाबांपाशी बसला. प्लास्टरवर नाव लिहा म्हणाला. बाबांनी डाव्या हाताने काहीतरी रेघोट्या मारल्या. हसले. तेरा दिवसांनी!

मी दोन्ही हातांनी खूण करून सांगितलं, “बाबा, आता ढकलायची नाही. कधीच नाही. सम नाही, विषम नाही. गाडी आपल्याच दारात.”

ते माझ्याकडे बघत राहिले.

उद्यापासून आठ वाजता कुणाचं दार ठोठावायचं नाही. किती हलकं हलकं वाटतंय!

२२ एप्रिल

सकाळी कपाटापाशी काठीचा आवाज. इस्त्रीचा शर्ट. दाढी करून मागितली. पावणेनऊला गाडीत जाऊन बसले, काच खाली केली, डावा हात स्टिअरिंगवर. नऊ वाजले. सव्वानऊ. मान वळवून वळवून मागे बघत होते. कुणी आलं नाही. कोण येणार?

मी दुकानात निघाले तशी त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. ओठ जुळवायला किती वेळ लागला त्यांना.

“माझं... चुकलं?”