मधली उघडी जागा

बाबा, आज भाचा टेप घेऊन मागच्या अंगणात मापं घेत होता आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तुमचीच आठवण काढत होते. स्वयंपाकघर आणि न्हाणी-संडासाची मागची खोली, यांच्या मधली उघडी जागा अजून तशीच आहे.

आणीबाणीच्या आधीचा उन्हाळा. तुमची उजवी बाजू लुळी पडलेली. आई आणि मी दोन्हीकडून धरून तुम्हाला अंगण ओलांडून न्यायचो, आणि तुम्ही सगळा वेळ शेजारच्या गच्चीकडे बघत राहायचात, कोणी पाहतं का म्हणून. तुम्हाला एकच हवं होतं. मागची खोली वाढवत आणून स्वयंपाकघराच्या भिंतीला भिडवायची, म्हणजे भिंत धरून आपलं आपण जाता येईल. पण जन्मभर शाळेत पोरांना रांगेत उभं केलेला माणूस! नकाशा मंजूर झाल्याशिवाय वीट लावू देईना. आईचा मात्र धीर सुटला. मुहूर्त टळतो म्हणून तिने तुम्हाला न विचारता स्वयंपाकघराजवळ पायाचा दगड बसवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

आणि नेमका दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेचा ओव्हरसिअर नकाशासाठी जागा पाहायला आला. भला माणूस होता. कुंकवाच्या दगडापाशी थबकला.

"काकाजी, तुम्ही तर घराले जोडून राहिले. मागची खोली अलग ठेवा लागते. मधात जागा नाही सोडली तर नकाशा पास होत नाही."

"भाऊ, ह्यायले चालता येत नाही," आई म्हणाली. "तेवढ्यासाठीच करून राहिलो."

"समजते काकू. पण माझ्या हातात काही नाही जी."

तो गेल्यावर आई दगडापाशीच बसून रडली. तुम्ही डाफरलात, "काहून रडून राहिली वं? दगड नसता तरी नियम तोच होता." ते खरंच होतं. मला तर रागवायलाही माणूस सापडत नव्हता.

खोली वाढली ती नियमाएवढीच. पुजलेला दगड उपटायचा नाही, म्हणून तो उघड्या जागेत ऐन वाटेवर राहिला. जाताना मी तुम्हाला तेवढं ओलांडून द्यायचे; परत येताना तुमची भिंत संपायची, पुढे तो दगड, आणि त्याला वळसा घालणं तुम्हाला एकट्याने जमायचं नाही. तुम्ही तिथे उभे. हाक मारणं तुमच्या स्वभावात नाही, नुसतं खाकरायचात. मी कणकेच्या हाताने धावत येते. "एवढी काहून धावते वं? पळून नाही चाललो मी," म्हणता, आणि डावा हात पुढे करता. पुढचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाही.

"मावशी, आता नियमात बसते," भाचा म्हणाला. "वरून पत्रा टाकू, दगड काढून टाकू. तुले पावसात भिजा लागणार नाही." गुडघे माझेही आता बोलतात, बाबा. त्याचं काही चुकत नाही. तरी मी नुसतं "पाहू" म्हणाले. खरं कारण त्याला सांगता येईना, आणि हे लिहिलेलंही कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी मोठी झाल्यावर तुम्ही माझा हात कधी धरला नाहीत. धरलात तो तेवढ्याच जागेत.