वरच्या दोन खोल्या आणि बेचाळीस घरांच्या वह्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भाच्याने प्रयत्न केला, पण त्याला दबाव म्हणावे इतका तो जमला नाही.

१. माझे दुमजली घर स्वकष्टार्जित आहे. वरच्या दोन खोल्यांत शिंपीणबाई राहतात. त्यांना तिथे तहहयात, विनाभाडे राहण्याचा हक्क देत आहे. तळमजला भाच्याला लगेच मिळावा; बाईंच्या पश्चात सगळे घर त्याचे.

भाचा घरांची दलाली करतो. तो म्हणाला, "मावशी, वर कुणी असं कायमचं बसलं की घराची किंमत निम्म्यावर येते."

"ठाऊक आहे. ते मीच सिद्ध केलंय."

तो हसला, पण मी असे का करते हे त्याला कळले नाही, म्हणून लिहून ठेवते.

तरुणपणी मी घरांच्या किमतींचे एक सूत्र बसवले. स्टेशनचे अंतर, खिडक्या, मजला, रस्त्याची रुंदी, आत भाडेकरू आहे की नाही. त्यासाठी एका गल्लीतल्या बेचाळीस घरांत टेप घेऊन हिंडले. तिथेच राहणाऱ्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवून माझ्या नव्वद प्रश्नांची उत्तरे दिली, वर टेपचे दुसरे टोकही धरले. सूत्राने सांगितले, ही गल्ली आहे त्यापेक्षा पुष्कळ महाग असायला हवी. मला सुवर्णपदक मिळाले. नगरपालिकेने माझा तक्ता उचलला, घरमालक जागे झाले, आणि दोन वर्षांत बेचाळीसच्या बेचाळीस घरे रिकामी करवली गेली.

शिंपीणबाई विद्यापीठात मला शोधत आल्या. ओरडल्या नाहीत. "बाई, तुम्ही विचारलंत, आम्ही खरं ते सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का?"

पुढची अकरा वर्षे मी त्या कुटुंबांचा माग काढला. एकतीस सापडली. कुणाची शाळा सुटली, कुणाचे गिऱ्हाईक तुटले. दोन म्हातारी माणसे नव्या जागी वर्षभरही टिकली नाहीत. त्या अहवालावरून पुढे नियम झाला, की उठवलेल्या माणसाला चालत जाता येईल इतक्या अंतरावरच घर द्यावे. तीन वस्त्या त्यामुळे वाचल्या. बाईंची गल्ली मात्र तोवर गेली होती. म्हणून मी त्यांना वरच्या खोल्या देऊ केल्या. "उपकार नकोत," म्हणाल्या आणि महिनाभर विचार करून आल्या.

२. बेचाळीस घरांच्या वह्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्याव्यात. माणसांची नावे मी काळ्या शाईने झाकली आहेत. ती खरवडू नयेत.

३. माझ्या तेव्हाच्या विभागप्रमुखांनी तो अहवाल "भावनिक" म्हणून चार वर्षे कपाटात ठेवला. त्यांना एक प्रत घरपोच द्यावी. ते आता थकले आहेत. मोठ्या टायपात छापून द्यावी.

४. बँकेतील ठेवींच्या व्याजातून दरवर्षी घरांवर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला मदत व्हावी. अट एकच: ज्यांच्या घरात बसून माहिती घेतली, त्यांना निष्कर्ष आधी वाचून दाखवावेत. छपाई नंतर.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाच्याने करावी. तो लोभी नाही, घाईचा आहे. शिंपीणबाईंना यातले काही ठाऊक नाही. त्यांना वकिलाचे पत्र पाठवू नये. गल्ली सोडण्याची नोटीस त्यांना अशाच लिफाफ्यातून आली होती. भाच्याने स्वतः वर जावे, चपला काढाव्यात, खाली बसावे आणि पहिले वाक्य हेच बोलावे: "मावशी, तुम्हाला कुठंही जायचं नाही."

मजकूर वाचून, समजून सही केली.

सही: निवृत्त प्राध्यापिका

साक्षीदार: (१) माझे डॉक्टर, (२) शेजारचे पुस्तकबांधणीवाले. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: राहते घर, तळमजला
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी अकरा