गज्या नवीन

१९ जून
वकिलीच्या सीईटीचा निकाल लागला. एकाहत्तर. मागल्या साली अडतीस होते. पवनभाऊच्या ऑनलाईन सेंटरवर स्क्रीनले बोट लावून तीनदा पाह्यलं, नाव मायंच हाय का म्हनून. दीपक नामदेव. मायंच.
पवनभाऊ म्हने, "दिप्या, कोनाच्या पेपरात पाह्यलं बे?"
म्हटलं, "भाऊ, ऑनलाईन परीक्षा होती. कॉम्प्युटरच माया तोंडाकडं पाहून राह्यला होता."
बाहेर आलो न बोट आपोआप माया दोस्ताच्या, गज्याच्या नंबरवर. लागत नाई. सालभरापासून त्यानं मले ब्लॉक केलं हाय. मालूम हाय, तरी लावतो.
घरी मायले सांगतलं, साखर मांगतली. "म्हंजे तू वकील झाला?"
"नाई माय, वकिलीच्या कालेजचा फारम भराले लायक झालो."
"मंग साखर कायले मांगून राह्यला?"

७ जुलै
फारम भरला. पवनभाऊ साऱ्या गावाच्या फारमवर सोताचाच मोबाईल नंबर टाकते, ओटीपी लवकर भेटते म्हनून. म्हटलं माया टाक. तो म्हने, "तुया फोन? कालेजवाल्यानं फोन केला त तूच त्याले कलेक्टर बनून बोलशील."
खरं हाय. आवाज काढाचा नाद हाय मले. लाईनमनच्या आवाजात सरपंचाले म्हटलं होतं, "लाईन टेस्टिंग चालू हाय, मीटरजवळ उभे राहा." अर्धा घंटा उभा होता बिचारा. गज्या बाजूले, तोंडात रुमाल कोंबून.
शेवटी मायाच नंबर टाकला. कालेजात पयलं अकोला.
"दुसरं सांग."
"पयलंच लिव."
दोघायचं तेच ठरलं होतं.

१४ जुलै
मंगरूळपीर. गॅपचं प्रतिज्ञापत्र. बी.ए. झाल्यावर साल काहून रिकामं गेलं ते स्टॅम्पपेपरवर लिवून द्या लागते. टायपिंगवाला इचारते, "काय केलं सालभर?"
"वावर पाह्यलं."
"अजून?"
"काई नाई."
त्यानं टाईप केलं, घरगुती अडचणीमुळे. मी सही ठोकली. शपथेवर खोटं. अडचन कायची? काईच नव्हती.
मागल्या सालचं आज लिवतो. कुठीतरी लिवलं पायजे.
दोघायनं परीक्षा देल्ली. मी मांगं पडलो, गज्या अकोल्याच्या वेटिंगवर लागला. रोज फोन हातात घेऊन फिरे. मी नवीन सिम घेतलं न साहेबाच्या आवाजात लावला: "विधी महाविद्यालयातून बोलतोय. संस्थास्तरावर आपला क्रमांक लागला आहे. उद्या पाच वाजेपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन या, नाहीतर पुढच्याला देऊ."
वाटलं, संध्याकाळी सांगून देऊ, हासू. संध्याकाळी गेलो त किसनकाका, त्याचा बाप, गज्याच्या शर्टाले इस्त्री करून राह्यले होते. तांब्यात निखारे टाकून. माया तोंडून निघालंच नाई.
सकाळी बाप-लेक डबा बांधून अकोल्याले. यादीत नाव नाई. वापस आला न गज्यानं मायाकडं फक्त पाह्यलं. आवाज ओळखला होता त्यानं, पन अकोल्यात पोचल्यावर. बापाले मात्र म्हने, "हापिसवाल्याची चूक झाली." आठ दिवसानं पुन्याले कंपनीत गेला. काकाले आजबी मालूम नाई.
हासाले केलं, असं म्हनतो मी. पन तो पुढं चालला होता न मी मांगं. हेबी खरं.

५ ऑगस्ट
वाशीम. जात पडताळनीच्या हापिसात दोन घंटे लाईन. पावती भेटली. एस.टी.ले टाईम होता म्हनून कोर्टाकडं गेलो. कायले गेलो काय मालूम.
तीन साल झाले असतील. मी न गज्या ट्रिपल सीटच्या चालानासाठी अठीच आलतो. एक म्हतारी वकिलाच्या मांगं पयत होती, "साहेब, काय झालं माया केसचं?" वकील म्हने, "तारीख भेटली," न गेला. म्हतारी तठीच उभी. गज्यानं तिच्या हातातला कागद घेतला, पायरीवर बसून वाचला. मंग आपल्या बोलीत सांगतलं, "आजी, तुमचा भाचा हजर नाई झाला, म्हनून पुढची तारीख. तुमी हारल्या नाई." म्हतारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मायाबी. मी काईच केलं नव्हतं.
येता येता गज्या म्हने, "आपून वकील व्हाचं बे. बाकी काई जमो नाई जमो, लोकायले काय झालं ते सांगाचं."
आज पायरीवर दुसरं कोनतरी बसलं होतं.

२२ ऑगस्ट
पोया. पयल्या राऊंडमंदी नाव नाई.
तोरनाखाली बैलं उभे झाले न पोट्टे वरडले, "दिप्या, झडती!" दरसाल मी एक हासाची तुकबंदी म्हनो, गज्या पल्याडून उलटी फेको. गाव पोट धरून हासे. आज म्हटली:
फारम भरला, फोटो लावला, सही केली निळी,
कालेजवाला म्हने बाबू, कागदं हायेत शिळी!
हर बोला हर हर महादेव!
सारे हासले. मंग साऱ्यायनं पल्याड पाह्यलं, जठी गज्या उभा राहे. तठी किसनकाका बैलाचा कासरा धरून उभे. मान खाली.
दुसरी म्हटलीच नाई.

११ सप्टेंबर
दुसरा राऊंड. नाई.
वावराच्या रस्त्यानं काका भेटले. सोताहून थांबले. "लागला का नंबर?"
"नाई काका."
"लागन. पन फोन आला त पक्का करजो बापू. मागल्या साली त्या हापिसवाल्यानं आमाले उगाच धाडलं. गज्यानं तवापासून घरी धड फोन नाई केला. आला त दोन मिंटं. जेवले का, पानी हाय का, ठेवतो."
मी म्हटलं, "हो काका." 

२४ सप्टेंबर
तिसऱ्यातबी नाई. अकोल्याले जाऊन कालेजातच अर्ज देल्ला. उरलेल्या जागा आता ते सोता भरतात, यादीनं फोन लावून. एकच जागा बाकी हाय. यादीत मी पयला.
बाबू म्हने, "फोन येईल. आला की लगेच या. दुसऱ्या दिवशीपर्यंतच थांबतो."
फोन. मले. देव पाहून राह्यला वाटते.

८ ऑक्टोबर
आज गज्याचा फोन आला!!
सोयाबीन सोंगून राह्यलो होतो. नवीन नंबर. उचलला त साहेबी आवाज, "दीपक नामदेव का? विधी महाविद्यालयातून बोलतोय. संस्थास्तरावर आपला क्रमांक लागला आहे. उद्या पाच वाजेपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन या, नाहीतर..."
मायेच शब्द! एकबी बदलला नाई पट्ठ्यानं. इळा फेकला म्या.
"गज्या! सालभर लागलं बे तुले?"
"कोण गज्या?"
"आवाज जमला, पन नाकातून जरा कमी बोल."
"अहो, तुम्हाला प्रवेश घ्यायचा आहे की नाही?"
"नाई घ्याचा! देऊन टाक पुढच्याले! तू पयले दिवाळीले घरी ये!"
कट केला. रागात असन. असू दे. बदला घेतला म्हंजे बोलला न. फिटलं. नंबर सेव्ह केला, 'गज्या नवीन'.
मायले सांगतलं. ती म्हने, "त तू काहून रडून राह्यला?" म्हटलं, सोयाबीनचा भुसा गेला डोयात.

९ ऑक्टोबर
दुपारी एक वाजता लावला गज्या नवीनले. काय बोलाचं ते सकाळपासून घोकलं होतं. माफी पयले, मंग झडती.
"विधी महाविद्यालय, कार्यालय. बोला."
मांगं घंटी वाजली. कोनतरी म्हने, "सर, बोनाफाईड पायजे होतं." गज्या एवढं सोंग नाई करू शकत.
म्हटलं, "साहेब, मी दीपक. कालचा." तो म्हने, "तुम्ही नकार दिलाय. पुढच्या उमेदवाराला बोलावलंय." मी म्हटलं, पाचच्या आत येतो. तो म्हने, या नाहीतर नका येऊ.
अकोल्याची एस.टी. गेलेली. बाबा गाडी घेऊन बाजारात. गावात दुसरी चालू गाडी किसनकाकाची. जाऊन उभा राह्यलो. काका जेवत होते. ताट सरकवलं, हात धुतला.
"खरा फोन हाय न बापू? मागल्या सालीवानी नोको होऊ."
"खरा हाय काका."
कागदाची पिशवी छातीशी धरून मांगं बसलो. बार्शीटाकळीपर्यंत काका एकटेच बोलले. गज्याचंच.
साडेचारले पोचलो. बाकावर एक पोरगी बसली होती, मूर्तिजापूरची, बाजूले तिचा बाप. तिच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल. बापाच्या हातात डबा. इस्त्रीचा शर्ट. मी खाली पाह्यलं.
बाबूनं रजिस्टर दाखवलं. माया नावापुढं लिवलेलं: प्रवेश नको म्हणाले, चेष्टा केली. म्हने, "प्राचार्य सोमवारी ठरवतील, हिला द्यायची की तुम्हाला. तुमचं काही म्हणणं असेल तर लिहून द्या. काय झालं ते. खाली साक्षीदाराची सही."
काय झालं ते.
लिवाले बसलो. पयले लिवलं, नेटवर्क नव्हतं. फाडलं. मंग लिवलं, तब्येत बरी नव्हती. तेबी फाडलं. बाबूनं तिसरा कागद देल्ला, म्हने हा शेवटचा.
सारं लिवलं. कालचा फोन मले खोटा काहून वाटला. मागल्या साली तसाच फोन म्या कोनाले केला. त्याच्या बापानं शर्टाले इस्त्री केलती. तो माया दोस्त होता, त्याचा फोन यावा असं मले एवढं वाटे का कोनाचाबी आवाज त्याचाच आयकू आला. शेवटी लिवलं, जागा मले पायजे, पन बाकावरची पोरगी खऱ्या फोनवर आली हाय, हेबी लिवून ठेवतो.
काकापुढं कागद धरला. "काका, सही."
काका म्हने, "चष्मा घरी राह्यला. वाच मोठ्यानं."
वाचला. कोनाचाच आवाज काढता आला नाई, आपलाच निघाला, तोबी फाटका. बाबूनं पेन खाली ठेवला. पोरीचा बाप मायाकडं पाहून राह्यला होता.
काकानं कागद माया हातातून घेतला, चष्म्याबिगर पाह्यला. मंग म्हने, "कुठी करू?"
मी बोट ठेवलं. त्यायनं सही केली. किसन, एवढंच. 
वापस निंघालो. घराजवळ उतरलो त काका म्हने, "गज्याले मालूम होतं?"
"हो काका."
"न मले म्हने हापिसवाल्याची चूक." गाडी चालूच होती. "तुया बाजूनं खोटं बोललं पोट्टं."
निंघून गेले.

१० ऑक्टोबर
सकाळी काकाच दारात. माय घाबरली, तिले वाटलं भांडाले आले. त्यायनं फोन माया हातात देल्ला.
"त्या कागदाचा फोटो हाय का तुयाजवळ?"
"हाय."
"धाड त्याले. माया फोनवरून. मले ब्लॉक नाई करत तो."
"काका, तुमी मले..."
"तुयं मंग पाहू. पयले धाड."
मायावरून त्यायच्यावर घेतला, त्यायच्यावरून गज्याले. खाली काई नाई लिवलं.

१२ ऑक्टोबर
निळे टिक आले. कालच आले म्हनते काका. उत्तर नाई.
"फोन केलता त्यानं संध्याकाळी," काका म्हने. "दहा मिंटं बोलला. बैलायचं इचारलं, सोयाबीनचं इचारलं. तुयं नाई इचारलं."
दहा मिंटं. दोनाचे दहा झाले.
"मीबी नाई काढलं तुयं नाव," म्हने. "त्याचं तो काढन, नाईतर नाई काढन."

१३ ऑक्टोबर
सोमवार. सकाळपासून ढिगाजवळ बसलो. फोन समोर, पोत्यावर. बाबा म्हने, "फोनकडं पाहून सोयाबीन निंगते का?"
त्या पोरीचं डोस्क्यातून जात नाई. तिले भेटली त वाईट नाई वाटनार, असं सकाळी ठरवलं होतं. दुपारपर्यंतच टिकलं. मले पायजे. अकोल्याचं कालेज पायजे, काया कोट पायजे, वाशीमच्या कोर्टाची ते पायरी पायजे. न बाजूले तो पायजे. अर्ज एकाच गोष्टीचा करता येते.
एक काम राह्यलं. कालेजचा नंबर अजून 'गज्या नवीन' नावानंच हाय. बदलाले चार वेळा उघडला. बोट चालत नाई.
चार वाजले. हे लिवता लिवता पोतं थरथरून राह्यलं. वरतं नाव आलं, गज्या नवीन.
मालूम हाय कोन हाय ते. तरी एकच घडी वाटलं, तोच हाय.
उचलतो. पयले पुरं नाव सांगतो. मंग जे आयकाचं ते आयकतो.